एक हात

ऑरिन थिबोडोनं टेप ताणली
स्टोव्हच्या पाइपापासून भिंतीपर्यंत
आणि आकड्यावर अंगठा दाबून मला दाखवला.
सात.
"एकेरी पत्र्याचा पाइप आहे. अठरा इंच हवेत."
मी म्हटलं, पण भिंतीला विटा आहेत की.
तो हसला नाही.
पटाशी घातली, आणि विटा पापडासारख्या सुटून आल्या:
अर्धा इंच जाडीच्या, नुसत्या चिकटवलेल्या,
विटांचं सोंग.

मागे लाकूड.
वर पिवळं, मग चहाच्या डागासारखं,
मग भाजलेल्या तिळाचा रंग,
आणि पाइपाच्या समोर, बरोबर समोर,
ताटाएवढा काळा गोल.
नख लावलं तर पूड आली.

भिंतीला कान असतात एवढंच ऐकून होते.

ऑरिन बोलतो कमी, पण लाकडाबद्दल बोलतो.
म्हणाला, नवं लाकूड सहजी पेटत नाही.
पण रोज शेकत ठेवा, वर्षानुवर्षं शेकत ठेवा,
त्याची पेटायची वेळ खाली खाली येत जाते.
मग एखाद्या रात्री नेहमीचाच जाळ असतो,
नेहमीची चार लाकडं,
आणि तेवढं पुरतं.

म्हणजे अल्मा प्रॅट एकतीस हिवाळे
या भिंतीला पाठ टेकून मोजे विणत बसली तेव्हा
मागचं लाकूड थोडं थोडं
जळायला शिकत होतं.
घर विकताना तिनं मला सांगितलं होतं,
ही खोली फार उबदार आहे हं.

अठरा इंच म्हणजे किती
हे मला आकड्यात कळत नाही.
इचलकरंजीला बाबांचं कापडाचं दुकान होतं.
दीड फूट म्हणजे एक हात,
कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.
गज भिंतीला टांगलेला असायचा, शिक्क्याचा, पितळी टोकांचा,
तरी काही बायका म्हणायच्या, तुम्ही हातानंच मोजा अण्णा.
बाबांचा हात लांब होता.
दर हाताला दोन बोटं जास्त जायची
आणि आई वरच्या खिडकीतून बघायची.

मी कोपर भिंतीला टेकवलं, बोटं ताणली.
ऑरिननं शेजारी टेप धरली:
साडेसोळा.
"तुमचा हात नियमात बसत नाही,"
तो म्हणाला, आणि आता मात्र हसला.

स्टोव्ह पुढे ओढला. सोफा गेला झोपायच्या खोलीत.
भिंतीवर पत्रा आला, तोही भिंतीला न चिकटता,
चिनी मातीच्या गुट्ट्यांवर, एक इंच सोडून,
खालून उघडा, वरून उघडा.
आता पत्र्याची गरज नव्हती, ऑरिनच म्हणाला.
माझा भिंतीवरचा विश्वास उडाला होता,
मी पैसे मोजले.
त्या इंचाकडे मी बराच वेळ बघत राहिले.
काहीच नसण्याचेही पैसे पडतात,
पावतीवर वेगळी ओळ होती त्याची.

तो गेला तेव्हा चार वाजले होते आणि अंधार पडला होता.
बार्टनला नोव्हेंबरात दिवस असाच उरकतात.
काढलेला वासा ओसरीवर पडून होता,
काळा गोल आभाळाकडे करून.
करवतीनं त्याचे तीन तुकडे केले.

कागद, काटक्या, वर बर्चची साल,
आणि सगळ्यांत वर तो मधला तुकडा.
काटक्यांनी अजून धरलंही नव्हतं,
त्यानं धरलं.
त्याला काही सांगावं लागलं नाही,
फुंकरही नाही.

रात्री दोनला उठले.
निखारे होते. बाहेर बर्फ पडायला लागला होता.
पत्र्याच्या कडेनं हात आत सरकवून
तळवा नव्या फळीवर ठेवला,
ताप बघतात तसा.
थंड होती.
तरी हात लगेच काढून घेतला नाही.